'टेन्शन घेऊ नको' सोडून दुसरं काही असेल तर सांगा

अपडाऊनवाला, भुसावळ
नमस्कार मंडळी. रोज भुसावळ-जळगाव अप-डाऊन, काम वसुलीचं, मार्च एंडिंग संपला पण डोक्यातला मार्च काही संपत नाहीये. रात्री जेवून पडलो की दीड-दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत बसायचं, छातीत धडधड, जबडा आवळलेला. ईसीजी काढला, नॉर्मल. घरी सांगितलं तर एकच उत्तर, टेन्शन घेऊ नको. अरे मी काय दुकानात जाऊन घेतो का टेन्शन? जिम, योगा क्लास जमणार नाही. रोजच्या धावपळीत बसेल असं काही साधं करत असाल तर सांगा. आणि पहाटे पाचला उठा असं कोणी सांगू नका प्लीज.

रात्रपाळी सिस्टर, धुळे
दादा ईसीजी काढला ते चांगलं केलं. आता श्वास बघा, चार मोजेपर्यंत आत घ्या आणि सहा-सात मोजत हळू सोडा, पाच मिनिटं. श्वास सोडताना ठोके आपोआप थोडे मंदावतात, व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे त्याचं काम आहे ते, म्हणून सोडायचा वेळ लांबवायचा. गाडीत बसल्या बसल्या मुठी पाच सेकंद कच्चून आवळा आणि एकदम ढिल्या सोडा, मग खांदे, मग जबडा. एडमंड जेकबसन म्हणून अमेरिकन डॉक्टर होते, त्यांची जुनी पद्धत आहे ही. चहा किती होतो दिवसाला?

अपडाऊनवाला
सात-आठ कट. वसुली झाली तरी चहा, नाही झाली तरी चहा. शेवटचा रात्री ८ ला स्टेशनवर.

रात्रपाळी सिस्टर
मग डॉक्टरकडे काय जाता, चहावाल्याकडे जा 😀 कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे ८ चा चहा रात्री १ वाजता अजून अर्धा जागा! दुपारी ४ नंतर बंद करून बघा. आणि दोन-तीन आठवडे झोप नाहीच आली, जेवण जाईनासं झालं, नको ते विचार यायला लागले तर लाजू नका, मनाच्या त्रासासाठी टेली मानस हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

बिबडेवाली, अमळनेर
मला ते श्वास मोजणं अजिबात जमलं नाही बाई, मोजताना चुकलं की उलट घाबरायला व्हायचं. माझं डोकं शांत होतं हाताला काम लागलं की. उन्हाळ्यात सकाळी ऊन तापायच्या आत गच्चीवर आम्ही शेजारणी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापतो, ज्वारीचा गरम घाटा ओल्या फडक्यावर पातळ थापत जायचा, हात भरलेले त्यामुळे मोबाईल घेताच येत नाही, तोंडाने सगळ्यांच्या सासवा निघतात, हसून हसून पोट दुखतं. दोन तासांनी आठवतसुद्धा नाही सकाळी कशाचा राग आला होता. बिबडे नसतील तर गहू निवडा, भेंडी पुसा, काहीही, पण हाताने.

केळीवाला, रावेर
भाऊ, मागे वादळात माही बाग आडवी झाली, घड कापायला आले व्हते. महिनाभर झोप नाही. पाणी द्यायले रात्रीच्या लाईटीवर जायचो अन् मोटरजवळ बसून मनात हिशोब, सोसायटीचं इतकं, खताच्या दुकानाचं इतकं, पोरीची फी. एक दिवस बायकोनं वही दिली, म्हणे लिहून टाका एकदाचं. कोणाचं किती, कधी द्यायचं, सगळं लिहिलं. आकडा काही कमी झाला नाही, पण रोज रात्री पाठ म्हणायचं बंद झालं. तुम्ही तं वसुलीवाले, तुम्हाले वही काय सांगू 😄 पण ऑफिसची नाही, स्वतःची करा. अन् हिवाळ्यात शेतात या भरीत खायले, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगे भाजू, तिथं रेंज पण नाही.

अपडाऊनवाला
नऊ दिवसांनी अपडेट. चहा तीनवर आणला, पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं की सिस्टरला मनात लई शिव्या दिल्या, सॉरी. गाडीत मुठी आवळल्या तर समोरचा काका उठून दुसरीकडे बसला. वही सुरू केलीय, पहिल्याच पानावर साहेबाचं नाव चार वेळा आलं. झोप साडेबाराला लागते, परवा मात्र परत दोन वाजले. ताई, ते बिबडे विकत मिळतील का?

बिबडेवाली, अमळनेर
विकत नाही. रविवारी थापायला या, वहिनींना पण आणा.