विषय: ‘विल’ म्हणजे भविष्यकाळच का?

नमस्कार मंडळी,
सध्या पुण्यात माहेरी आलेय. भाचीला इंग्रजी व्याकरण शिकवायला बसले आणि पहिल्याच दिवशी अडकले. विल दिसलं की भविष्यकाळ असं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. काल बेल वाजली, माझा मुलगा आतून ओरडला, "दॅट विल बी द कुरियर", तर ही म्हणते, आत्या, माणूस आत्ता दारात उभा आहे ना, मग भविष्यकाळ कशाला? मला नीट सांगताच येईना. त्यात बाबांचं म्हणणं आय आणि वीला शॅलच लावायचं, पण आम्ही राहतो तिकडे तर मी ‘शॅल वी गो’ सोडून शॅल फारसं ऐकत नाही. कोणी सांगेल का?

---

ताई, भाचीने बरोबर पकडलंय! आपल्या करीन, करशील, करेलसारखा भविष्यकाळाचा प्रत्यय इंग्रजी क्रियापदाला लागतच नाही. विलचा जुना अर्थ इच्छा असणं, शॅलचा देणं लागणं, करणं भाग असणं. ती इच्छा अजून शिल्लक आहे, म्हणून ‘द कार वोन्ट स्टार्ट’चं मराठी गाडी सुरू होणार नाही असं नाही, तर गाडी सुरू होईना. ती हटून बसलीय! हा ‘होईना’ आपल्याकडे इतका नेमका आहे की मला दरवेळी शिकवताना आनंद होतो.

आणि कुरियरचं म्हणाल तर आपणही बेल वाजली की "कुरियरवाला असेल" असंच म्हणतो की, तो आत्ताचाच अंदाज. तिला हेच सांगा, लगेच कळेल.

बाबांचा नियम जुना आहे, जॉन वॉलिसने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो आहे. (अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह वापरात आणणारा गणिती तो हाच.) आय शॅल म्हणजे नुसतं भाकीत, आय विल म्हणजे वचन किंवा धमकी, आणि यू, ही, दे आले की बरोबर उलटं. म्हणजे बाबा मनाने सांगत नाहीयेत, फक्त आता बोलण्यात तसं कोणी पाळत नाही.

बाकी पर्वतीवर ढग दाटलेले दिसले की ‘इट इज गोइंग टू रेन’, आणि डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला ‘लीव्हज’, आपणही सुटते म्हणतो, सुटेल नाही. एका जागी मात्र सांभाळा, इफच्या मागे मुलं हमखास विल घालतात. ‘इफ इट रेन्स’. आपण तिथे पाऊस आला तर म्हणतो, चक्क भूतकाळ, ते आठवून दिलं की चूक जाते.

---

काका, खूप आभार! ‘होईना’ ऐकून ती एकदम खुलली, दिवसभर घरात काय काय होईना ते शोधत होती, नळाला पाणी येईना, मांजर खाली उतरेना, सगळ्याला वोन्ट लावून झालं. आता नवीन प्रश्न काढलाय. आजीने पानं घेतली म्हणून हाक मारली की आजोबा "आलोच" म्हणतात आणि अजून खुर्चीतच असतात, मग आपला हा भूतकाळ कसा काय?