जेनचं ड्रायव्हिंग आणि 'तेव्हाचा काळ'

'द जेटसन्स' या जुन्या अमेरिकी कार्टून मालिकेतल्या बायकांच्या चित्रणावर टीका केली की काहीजण म्हणतात, 'तेव्हाचा काळच तसा होता, जेटसन्सला नावं ठेवू नका'. हे म्हणणं मला पटत नाही. १९६२ साली हॅना-बार्बेरा या कार्टूनकार जोडीने तिच्यात शंभर वर्षांपुढचं जग रंगवलं. उडत्या गाड्या, घरकामाला रोझी रोबो, बटण दाबलं की जेवण हजर! यंत्रांची एवढी कल्पना करता आली, मग बायकोची का नाही?

जेटसन कुटुंबातली बायको जेन गाडी शिकते त्या भागात पळणारा दरोडेखोर तिच्या गाडीत बसतो, ती त्याला शिक्षकच समजते. प्रसंग झकास रचलाय, मान्य. पण हसायचं कशाला, तर बाईच्या हाती गाडी म्हणजे सगळ्यांची पाचावर धारण. शीर्षकगीतातही तेच: नवरा जॉर्ज तिला द्यायला नोट काढतो, जेन अख्खं पाकीटच उचलून खरेदीला जाते. आणि ते तर प्रत्येक भागाआधी दिसतं.