घोंगडीचे जाकीट शिवताना कापड कसे हाताळावे?

प्रश्न (निपाणी): दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीच्या, हातमागावर विणलेल्या घोंगडीचे बिनबाह्यांचे जाकीट शिवायला घेतले आहे; परंतु कापड मानेला टोचते आणि कातरताच कडेचे धागे सुटतात. काय करावे?

उत्तर (चिकोडी): ताई, ताण्याला, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून नवे कापड ताठ लागते. थंड पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. गरम पाण्यात चोळल्यास लोकर आटते. टोचणे मात्र जाड लोकरीमुळे आहे, ते पुरते जाणार नाही. गळ्याला सुती अस्तर लावावे.

उत्तर (अथणी): मुळात घोंगडी कापूच नये, असे मला मनापासून वाटते. विणकराला आधी मापे देऊन अरुंद पट्टे विणून घेतले, तर काठ शाबूत राहतात आणि चिंध्या उरत नाहीत. रंगवूही नका, तो काळा रंग मेंढीचाच आहे.