मदत हवी आहे: गळ गिळलेला मासा जिवंत कसा सोडावा?

नमस्कार. गेली सहा वर्षे मी हौस म्हणून गळाने मासेमारी करतो. बहुतेक वेळा उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवणच्या आसपास जातो आणि तिथल्या पाण्याचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, तिची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकत नाही. घरी खाण्यापुरता एखादा मासा ठेवतो, बाकीचे पाण्यात सोडून देतो. सोडलेले मासे जगतात, असे मी इतकी वर्षे गृहीत धरून चाललो होतो. गेल्या एप्रिलमधील एका प्रसंगाने हा समज मोडला, म्हणून हा धागा काढत आहे.

दुपारी दोनच्या सुमारास साधारण अडीच किलोचा रोहू गळाला लागला. गळ लहान होता, आमिष म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून केलेला गोळा लावला होता, आणि रॉड काठावर टेकवून मी सावलीत बसलो होतो. रॉडला लावलेली घंटी वाजल्यावर धावत गेलो, तोपर्यंत माशाने गोळा पार घशापर्यंत नेला होता. त्याला काठावर आणायला दहा मिनिटे लागली. मग गवतावर ठेवून, लांब तोंडाच्या पक्कडीने गळ काढण्यात आणखी तीन-चार मिनिटे गेली. गळ निघाला, पण त्याबरोबर कल्ल्यांतून रक्तही आले. पाण्यात सोडल्यावर मासा शेपटी हलवत खोल पाण्यात गेला, तेव्हा मला हायसे वाटले.

त्या रात्री आम्ही जवळच मुक्कामाला होतो. सकाळी वाऱ्याने लाटा ज्या काठाकडे जात होत्या, तिथे एक रोहू पोट वर करून तरंगताना दिसला. पाठीवरच्या पंखाखाली डाव्या बाजूला चार खवले गेलेले होते. तोच मासा होता, कारण ते खवले माझ्याच हाताने गवतावर निघाले होते. जाळी काढून परतणाऱ्या एका मच्छीमार काकांनी तो उचलला, कल्ल्याचे झाकण अंगठ्याने वर करून आत पाहिले, आणि पांढरट पडलेले कल्ले मला दाखवत म्हणाले, "साहेब, न्यायचा तर न्या, सोडायचा तर जिता सोडा. हा ना तुम्हाला मिळाला, ना आम्हाला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ज्यांचे घर या पाण्यावर चालते त्यांचा अडीच किलोचा मासा मी वाया घालवला होता, आणि तो सोडून दिल्याचे समाधानही आदल्या रात्री करून घेतले होते, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्यामुळे जाणकारांना विनंती आहे की, मासा गळ गिळणारच नाही यासाठी गळ, आमिष आणि पद्धत यांत काय बदल करावा, आणि तरीही गिळलाच तर तो काढावा की आत राहू द्यावा, हे सविस्तर सांगावे. एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात माशाला जगवण्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का, हेही समजून घ्यायचे आहे. मासेमारीच बंद करा, असा सल्ला कोणाला द्यावासा वाटला तर तोही मी मनापासून वाचेन, पण शक्यतो आधी वरील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

प्रतिसाद

आपण प्रसंग मोकळेपणाने लिहिला हे बरे केले, कारण ही चूक आपल्यापैकी बहुतेकांकडून होते आणि सोडलेला मासा दुसऱ्या दिवशी कोणी पाहायला जात नाही, म्हणून ती उघडकीस येत नाही.

मुख्य दोष रॉड टेकवून लांब बसण्यात आहे. रोहू, कटला, मृगळ या माशांच्या जबड्यात दात नसतात. ते आमिष पाण्यासह आत ओढून घेतात आणि घशातल्या दातांनी चुरडतात. म्हणजे आमिष घशाकडे जाणे हा त्यांच्या खाण्याचाच भाग आहे. मऊ गोळ्यात लहान गळ पूर्ण लपवला आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सैल सोडली, तर माशाला संशय येण्यापूर्वीच गळ घशात पोहोचतो. रॉड हातात असेल किंवा हाताशी असेल आणि तंगूस बेताची ताणलेली असेल, तर पहिल्याच ओढीला तुम्हाला कळते. घंटी वाजेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरा उपाय हेअर रिगचा. युरोपातील कार्पची मासेमारी करणारे लोक तो सर्रास वापरतात. यात आमिष गळावर न ओवता, गळाच्या दांड्याला बांधलेल्या दोन-अडीच सेंटिमीटर लांबीच्या बारीक दोऱ्याला लटकवतात आणि गळ उघडा ठेवतात. मासा आमिष ओढतो, काहीतरी टोचते म्हणून बाहेर फेकू पाहतो, आणि तेवढ्यात गळ खालच्या ओठाच्या मांसल भागात बसतो. यासाठी आमिष घट्ट हवे. भिजवून उकडलेला मका किंवा हरभरा चालतो, मऊ गोळा चालत नाही.

तिसरे म्हणजे, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. तंगूस ताणलेली ठेवली तर मासा सहसा सुटत नाही, आणि गळ काढताना तो जसा आत गेला तसाच मागे येतो. गांडूळ लावून शिंगाळ्यासाठी (मिशांचा, बिनखवल्यांचा मासा) बसत असाल, तर टोक आत वळलेला सर्कल हुक वापरा. मात्र त्याला आपली हिसका देण्याची सवय अजिबात चालत नाही. मासा ओढू लागला की नुसते रीळ फिरवत राहायचे. हिसका दिला की गळ निसटतो.

आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्पष्ट आहे. गळ घशाच्या आत, नजरेआड गेला असेल, तर तो काढूच नये. तोंडाजवळ तंगूस कापावी आणि मासा सोडावा. आत राहिलेला गळ घेऊन बरेच मासे जगतात. घशातून ओढून काढलेल्या गळाने मात्र कल्ले फाटतात किंवा हृदयालाच इजा होते, कारण माशाचे हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, घशाखाली असते. गळ असा आत राहू शकतो, म्हणूनच स्टेनलेस स्टीलचे गळ घेऊ नयेत, साधे गंजणारे घ्यावेत.

प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त उन्हाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते आपल्या रोहूला जितके गळाने मारले, तितकेच त्या दुपारनेही मारले.

पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. त्यात दहा मिनिटांची झुंज झाली की स्नायूंत आम्ल साठते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर काढून श्वास बंद करतो. शंभर मीटर जीव तोडून धावलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबून धरावे तसे हे आहे. म्हणून जाड तंगूस वापरून झुंज लवकर संपवा. हातजाळे पाण्यातच धरून मासा त्यात ठेवा, आणि गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच असेल तर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन मासा उचला, आणि दहा सेकंदांत परत पाण्यात न्या. कोरड्या हाताने, गवतावर किंवा गरम दगडावर ठेवल्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोच त्याला बुरशीपासून वाचवतो. आपण ज्या चार खवल्यांचा उल्लेख केला, तिथून जखमेची सुरुवात झाली असती.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांना उलटी वाटते. उन्हाळ्यात पहाटेच जावे असे सगळे सांगतात. पण पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनीसारख्या जलाशयात शेवाळ भरपूर असते. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तो स्वतःच वापरते, त्यामुळे हिरव्या, साचलेल्या कोपऱ्यांत सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. सूर्य वर येऊन एक-दीड तास झाला की, वाऱ्याने लाटा येऊन आदळतात अशा काठावर बसा, आणि अकराच्या आत आवरा. मे महिन्यात पाणी फारच उतरले असेल तर मी स्वतः गळ टाकतच नाही.

प्रतिसाद

मरळ माशाबद्दल थोडे वेगळे सांगणे आवश्यक आहे. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो तग धरतो आणि लोक निर्धास्त होतात, पण घशातला गळ त्यालाही तितकाच घातक असतो. पावसाळ्यात काठालगत नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर एकत्र खेळताना दिसला, तर त्यांच्या खाली आई-बाप राखण करत असतात आणि समोर टाकलेल्या कशावरही झेपावतात. तिथे गळ टाकणे सोपे असते, म्हणूनच टाकू नये. राखणारा मासा उचलला की थोड्याच वेळात इतर मासे ती पिल्ले फस्त करतात. वळगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात तेव्हा, गाभोळी (अंडी) भरलेल्या, चढणीच्या माशांनाही माझा हाच नियम.

खडशी, म्हणजे महसीर, आपल्याला कधी लागली तर फारच जपा. ब्रिटिश अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनची ही खडशी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच शास्त्राला प्रथम कळवली, आणि आज तिथल्या पात्रात तिची वाट पाहण्यात अर्थ उरलेला नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्य पैदास केंद्रात तिची पिल्ले अनेक दशके वाढवली जात आहेत. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडच्या डोहात देवीचे मासे म्हणून गावाने ती राखली आहे. अशा देवाच्या डोहांत आणि अभयारण्यांत गळ नेऊच नये, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

धागाकर्ता

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. काल सगळे गळ काढून बसलो आणि बत्तीस गळांचे उलटे काटे दाबले. चार गळ स्टीलचे निघाले, ते बाजूला ठेवले. घंटी काढून टाकली आहे. हेअर रिगसाठी मका रात्रभर भिजवून उकडला, पण दोऱ्यावरून तो घसरतो, त्यावर काय करावे? आणि चिलापी (तिलापिया) लागली तर तीही सोडावी का? ती फारच लागते.

प्रतिसाद

मक्याचे दोन दाणे सुईने ओवून झाल्यावर दोऱ्याच्या टोकाच्या फासात गवताची काडी किंवा झाडूच्या हिराचा तुकडा आडवा अडकवा, म्हणजे दाणे घसरणार नाहीत. चिलापी मात्र सोडू नका. ती आफ्रिकेतली आहे, भारतात १९५२ मध्ये आणली गेली, आणि आपल्या माशांच्या जागा तिने बळकावल्या आहेत. घरी न्या. कालवण उत्तम होते, आणि जास्त झाली तर त्या काकांना द्या.

धागाकर्ता

काडीची युक्ती जमली. शनिवारी सकाळी साडेसातला, वाऱ्याच्या काठावर बसणार आहे. काकांनाही तसे कळवले आहे. ते म्हणाले, येताना पक्कड घेऊन या, आमच्या पोरांच्या गळांचे काटेही दाबून द्या.