मदत हवी आहे : सिकलसेल तपासणीत गावच्या जाणत्यांचा पुढाकार कसा मिळवावा?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर आम्ही काही कार्यकर्ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी काम करतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. परंतु मुलगी वाहक (स्वतः आजारी नसली, तरी आजाराचे जनुक पुढच्या पिढीला देऊ शकणारी) असल्याचे कळले तर तिचे लग्न मोडेल, या धास्तीने (आणि ती अगदीच निराधार नाही) अनेक कुटुंबे रक्त तपासू देत नाहीत. गावच्या कारभाऱ्यांनी व पुजाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरची तपासणी करून घेतली, तर लोक ऐकतील असे वाटते. भिल्ल किंवा पावरा समाजात असा प्रयत्न कोणी केला आहे का? आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे कोणाचाही अहवाल उघड न करता जाणत्यांनीच बोलीभाषेत कसे समजावावे, याविषयी अनुभव कळवावेत, ही विनंती.