‘दोस्त राष्ट्रे’ : अर्थ, व्याप्ती आणि वापर

‘पहिले महायुद्ध हे दोस्त राष्ट्रांमधील पहिले मोठे औद्योगिक युद्ध होते’ असे वाक्य कोणी लिहिले, तर ते व्याकरणाने बिनचूक असूनही अर्थाने उलटे पडते. ‘राष्ट्रांमधील युद्ध’ म्हणजे त्या राष्ट्रांनी आपापसांत केलेले युद्ध. आणि ‘दोस्त राष्ट्रे’ हे मराठीत जवळजवळ विशेषनामच झालेले असल्यामुळे त्यातून ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया एकमेकांशी लढले, असे निष्पन्न होते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते ते इतकेच की, करारांनी बांधल्या गेलेल्या राष्ट्रांचे दोन गट १९१४ ते १९१८ या काळात एकमेकांशी भिडले. तेव्हा ‘राष्ट्रगटांमधील युद्ध’ असे सरळ लिहावे आणि ‘दोस्त राष्ट्रे’ ही संज्ञा एकाच बाजूसाठी राखून ठेवावी.

समोरच्या बाजूला, म्हणजे जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांना, ‘अक्ष राष्ट्रे’ म्हणू नये. ती संज्ञा दुसऱ्या महायुद्धाची आहे. ‘केंद्रीय सत्ता’ आणि ‘मध्यवर्ती सत्ता’ या दोन पर्यायांपैकी मला दुसरा बरा वाटतो. मूळ कल्पना मध्य युरोपातील स्थानाची आहे, आणि ‘केंद्रीय’ म्हटले की आपल्या कानाला आधी दिल्लीचे सरकार ऐकू येते.

‘दोस्त’ की ‘मित्र’, हा वाद तुलनेने किरकोळ आहे. तरी ‘मित्र’ या शब्दाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. कौटिल्याने राज्याची जी सात अंगे सांगितली, त्यांतले शेवटचे अंग ‘मित्र’ हे आहे आणि तिथे त्या शब्दात जिव्हाळ्याचा भाग फारसा नाही. शत्रूच्या पलीकडे ज्याचे राज्य आहे तो आपला स्वाभाविक मित्र, असा तो निव्वळ राजकीय हिशेब आहे. राजेशाही रशिया आणि प्रजासत्ताक फ्रान्स यांनी १८९४ साली जो लष्करी करार पक्का केला, त्याचे वर्णन याहून नेमके क्वचितच करता येईल, कारण त्या दोघांच्या मध्ये जर्मनी होता.

खरी अडचण पुढे आहे. ‘दोस्त राष्ट्रे’ या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळे संबंध झाकले जातात. फ्रान्स आणि रशिया यांच्यात होता तो करार : एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने लढायचे, असे लेखी बंधन. ब्रिटनने १९०४ साली फ्रान्सशी आणि १९०७ साली रशियाशी केला तो सलोखा. पहिल्यात मुख्यतः इजिप्त आणि मोरोक्को, तर दुसऱ्यात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांविषयीचे जुने तंटे मिटवले गेले. युद्ध झाल्यास मदतीला धावून जाण्याची अट दोन्हींत नव्हती. म्हणूनच ऑगस्ट १९१४च्या पहिल्या दिवसांत ब्रिटिश मंत्रिमंडळात दुफळी होती, आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला तो बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९च्या तहाचा आधार घेऊन. ‘आम्ही वेगळा तह करणार नाही’ असे तिघांनी मिळून जाहीर केले ते ५ सप्टेंबर १९१४ रोजी, म्हणजे लढाई सुरू होऊन महिना उलटल्यावर. तिसरा संबंध अमेरिकेचा. एप्रिल १९१७मध्ये ती युद्धात आली खरी, पण तिने स्वतःला ‘सहयोगी’ म्हणवून घेतले, ‘दोस्त’ नव्हे. व्हर्सायच्या तहातही ‘दोस्त आणि सहयोगी सत्ता’ असा जोडउल्लेख आहे. इटलीचे तर विचारायलाच नको : १८८२पासून ती जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या त्रिराष्ट्र करारात होती, १९१४मध्ये तटस्थ राहिली आणि मे १९१५मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध उभी ठाकली.

या दोस्तीला प्रत्यक्षात आकार आला तो कारखान्यांमुळे. फ्रान्सच्या ईशान्येकडील लोहखनिजाचा आणि उत्तरेकडील कोळशाचा मोठा भाग सुरुवातीलाच जर्मनांच्या ताब्यात गेला, त्यामुळे फ्रेंच आणि पुढे इटालियन उद्योग ब्रिटिश कोळशावर अवलंबून राहिले. १९१५मध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईवरून ब्रिटनमध्ये एवढा गहजब झाला की मंत्रिमंडळातील लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे स्वतंत्र खातेच सोपवावे लागले.

फ्रान्समधील सोम नदीकाठची लढाई या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. डिसेंबर १९१५मध्ये शांतिली येथे दोस्तांच्या सेनानींनी पुढील वर्षी सर्व आघाड्यांवर एकाच सुमारास चढाई करण्याचे ठरवले. सोमची जागा निवडली गेली ती फ्रेंच आणि ब्रिटिश फौजांची हद्द तिथे एकमेकींना भिडत होती म्हणून. फेब्रुवारीत जर्मनांनी फ्रेंचांच्या व्हर्दन या तटबंदीच्या शहरावर हल्ला चढवताच फ्रेंचांचा वाटा घटला आणि मुख्य भार ब्रिटिशांवर आला. २४ जूनपासून आठवडाभर ब्रिटिश तोफांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. मात्र त्यांतले बरेच शिशाच्या छर्‍यांचे होते, जे जमिनीखाली खोल खणलेल्या जर्मन तळघरांपर्यंत पोचू शकत नव्हते. घाईघाईने तयार झालेले कित्येक गोळे फुटलेच नाहीत, आणि काटेरी तारांची कुंपणे अनेक ठिकाणी शाबूत राहिली. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे ५७ हजारांहून अधिक सैनिक जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाले. त्यांपैकी १९ हजारांहून अधिक मृत. एवढे होऊनही पश्चिम आघाडीवरील दोस्त सैन्यांच्या समन्वयाची सूत्रे एका हाती, म्हणजे फ्रेंच सेनानी फॉश यांच्याकडे, आली ती थेट मार्च १९१८मध्ये.

राहता राहिला हिंदुस्थान. त्याला ‘दोस्त राष्ट्र’ म्हणावे का? युद्धात उतरण्याचा निर्णय त्याचा नव्हता, त्यामुळे लढाईच्या संदर्भात ‘साम्राज्याच्या हिंदी फौजा’ असे म्हणणेच योग्य. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमारीने टेकीस येऊन २९ एप्रिल १९१६ रोजी जिने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली, ती सहावी तुकडी ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. परंतु १९१९च्या व्हर्साय तहावर हिंदुस्थानच्या वतीने ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी स्वतंत्र सह्या केल्या. तेव्हा तहाविषयी लिहिताना ‘स्वाक्षरी करणारा देश’ हा शब्दप्रयोग करता येतो. ‘दोस्त राष्ट्र’ मात्र तिथेही घालू नये.