शाळकरी मुलांसाठी छोटा, दणकट लॅपटॉप: नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: सहावी-सातवीसाठी ११ इंची लॅपटॉप घ्यायचा आहे. रोज दप्तरातून ने-आण होणार. टिकाऊपणा कसा ओळखायचा? ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं पुरे का?

उत्तर १: नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे बहुधा मिल-एसटीडी-८१०एच, अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक. त्यात बऱ्याच चाचण्या आहेत. कुठल्या करायच्या ते कंपनीच ठरवते. किती उंचीवरून पाडून पाहिलाय ते वाचा. मग बिजागरी. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. स्क्रीन पिळली किंवा कडेचं प्लास्टिक फाकलं, तर सोडून द्या. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमधल्या पितळी नटांत बसतात. बिजागरी कडक झाली की ते नटच उपटून येतात. १८० अंश उघडणारी बरी.

उत्तर २: चार्जिंग पोर्ट विसरू नका. मदरबोर्डलाच सोल्डर केलेलं टाइप-सी असेल आणि वायरीत पाय अडकला, तर थेट बोर्डाचं काम निघतं. दोन्ही बाजूंना एकेक असेल तर एक गेलं तरी भागतं. ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डालाच सोल्डर केलेलं स्टोरेज) टाळा: बदलता येत नाही, आणि विंडोज ११ अपडेट करायलाही जागा अपुरी पडू शकते.

प्रश्नकर्ता: आणि क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप)?

उत्तर १: चालेल, पण ऑटो-अपडेटची शेवटची तारीख आधी बघा. अपडेटची १० वर्षं प्लॅटफॉर्म (मॉडेलमागची मूळ हार्डवेअर रचना) बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. जुना साठा स्वस्त दिसतो तो उगीच नाही!